कँडल लाल, पण बाजार वर? नवशिक्याने कँडलस्टिक चार्ट वाचायचा कसा

निफाडचा_औषधवाला
६ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. मी निफाडला एका मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे, वय २६. दसऱ्याला डिमॅट खातं उघडलं. सुरुवातीला दोन-तीन शेअर घेऊन ठेवले, त्यात काही त्रास नव्हता. जानेवारीपासून मात्र व्हिडिओ बघून पाच मिनिटांच्या कँडलवर (चार्टवरची उभी पट्टी, ती तेवढ्या वेळातले भाव दाखवते) इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, सुरू केलं आणि तीन आठवड्यांत १७,४०० रुपये गेले. माझा पगार १९,००० आहे, म्हणून हा आकडा मला झोपू देत नाही. घरी अजून सांगितलेलं नाही.

एक सौदा जसाच्या तसा लिहितो. एका साखर कंपनीचा शेअर होता. आठवडाभरात ३७० वरून ४१५ पर्यंत आलेला. सकाळी ११ ची पाच मिनिटांची कँडल ४१२.४० ला उघडली, खाली ४०९.१० ला गेली आणि ११ वाजून ३ मिनिटांनी परत ४१२ वर आली. वर बारीक बॉडी (जाड भाग), खाली लांब शेपटी (बारीक रेघ). मला शिकवलं होतं की हा हॅमर, म्हणजे आता भाव वर जाणार. मी ४१२ ला २०० शेअर घेतले. दोन मिनिटांनी पाहतो तर तीच कँडल नुसती लाल झालेली, ४०८.६० ला बंद. हॅमर गेला कुठे? मी धरून बसलो. स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक भावाखाली गेलं की आपोआप विकायची सूचना, लावला नव्हता. दुपारी ३९७ ला बाहेर पडलो. एका दिवसात ३,००० गेले.

दुसरा प्रश्न रंगाचा. निफ्टीचा, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, मागचा चार्ट बघत होतो. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलनंतर बाजार विक्रमी वाढला होता हे मला पक्कं आठवतं, दुकानात सगळे तेच बोलत होते. चार्टवर मात्र त्या दिवसाची कँडल लाल आहे. ॲप चुकीचं आहे की मी चुकीचं वाचतोय?

तिसरं म्हणजे, काउंटरच्या आत ३५ पॅटर्नचा छापील तक्ता चिकटवला आहे. मॉर्निंग स्टार, हरामी, थ्री ब्लॅक क्रोज वगैरे. एवढं सगळं पाठ करावंच लागतं का? कोणी अनुभवी माणसाने नीट सांगितलं तर उपकार होतील.

---

कोथरूड_चार्ट
६ फेब्रुवारी २०२५

आधी चार्टची सेटिंग बघ. साध्या कँडलऐवजी हेकिन-आशी हा कँडलचा दुसरा प्रकार निवडला गेला असेल तर तिथे दिसणारे भाव सरासरी काढलेले असतात, प्रत्यक्ष सौद्याचे नसतात. बरेच नवीन लोक नकळत त्यावरच सौदे करतात. ‘पोकळ कँडल’ हा तिसराच प्रकार, त्यात रंग आदल्या दिवसाच्या क्लोजवरून (बंद भावावरून) ठरतो आणि बॉडी भरलेली की पोकळ हे त्या दिवसाच्या ओपनवरून (उघडण्याच्या भावावरून). साध्या कँडलवर ये, मग पुढचं बोलू.

---

लासलगावचा_नाना
७ फेब्रुवारी २०२५

निफाडचा म्हणजे आपल्याच तालुक्यातला, म्हणून हक्काने अरे-तुरे करतो. तुझं ॲप बरोबर आहे. तूही खोटं वाचत नाहीस, फक्त लाल रंगाचा अर्थ तुला अर्धाच सांगितला गेला आहे.

मी २२ वर्षं लासलगावच्या बाजार आवारात एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला होतो. शेअर २००५ पासून घेतो. मला कँडल कळली ती लिलावावरून, तुलाही तशीच कळेल, कारण लिलाव तू लहानपणापासून पाहिला असणार. ट्रॅक्टर रांगेत लागतात, व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतात, कांदा हातात घेऊन दाबून बघतात, बोली सुटते. दिवस संपला की फळ्यावर तीन आकडे लागतात : किमान, कमाल, सरासरी. समजा किमान १,१००, कमाल २,४००, सरासरी १,९५०. आता मला सांग, एवढ्यावरून सकाळी भाव कितीला निघाला आणि शेवटच्या ट्रॉलीला काय मिळालं ते कळतं का? सकाळी १,६०० ला निघून शेवट २,३०० ला झाला असेल, नाहीतर सकाळी २,३०० आणि उतरत उतरत १,६००. फळा दोन्ही दिवशी सारखाच दिसेल. पण घरी कांदा चाळीत ठेवून बसलेल्या शेतकऱ्याला उद्या ट्रॉली भरायची की नाही हे ठरवायला नेमकं तेच हवं असतं. (कांद्यात प्रतवारीमुळेही किमान-कमालात अंतर पडतं, शेअरमध्ये ती भानगड नाही, ते सोडून दे.)

कँडल ही उणीव भरून काढते. ती सरासरी सांगत नाही. चार भाव सांगते : पहिला, शेवटचा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा. पहिल्या आणि शेवटच्या भावामधलं अंतर म्हणजे बॉडी. बॉडीच्या वर-खाली जी बारीक रेघ निघते तिला कोणी विक म्हणतं, कोणी शॅडो, तू शेपटी म्हणालास तेही चालेल. शेपटी म्हणजे भाव जिथे जाऊन आला पण टिकला नाही ती जागा.

आता रंग. शेवटचा भाव पहिल्या भावापेक्षा वर असेल तर हिरवी, खाली असेल तर लाल. कालच्या भावाशी रंगाचा काही संबंध नाही. तुझा ३ जून बघ. आदल्या शुक्रवारी, ३१ मे ला निफ्टी २२,५३०.७० ला बंद झाला होता. सोमवारी एक्झिट पोलच्या जोरावर तो उघडलाच २३,३३७.९० ला. म्हणजे आठशे अंकांची उडी पहिला सौदा व्हायच्या आधीच मारून झाली होती. दिवसभर तिथून थोडा उतरला आणि २३,२६३.९० ला बंद झाला. शुक्रवारच्या मानाने ७३३ अंक वर, म्हणून पेपरात विक्रम. सकाळच्या मानाने ७४ अंक खाली, म्हणून चार्टवर लाल. दोन्ही खरं. आणि त्या लाल कँडलने एक जादाची गोष्ट सांगितली जी मथळ्यात नव्हती : सकाळी ज्यांनी धावत जाऊन घेतलं, त्यातले बरेच संध्याकाळी तोट्यात होते. दुसऱ्या दिवशी निकाल लागले. ४ जूनची कँडल उघड. २३,१७९ ला सुरू, खाली २१,२८१ पर्यंत, बंद २१,८८४. जवळपास १,३०० अंकांची लाल बॉडी आणि तिच्याखाली ६०० अंकांची शेपटी. ही एक कँडल दहा मिनिटं बघत बस. त्या दिवशी कोण घाबरलं, किती वाजता घाबरलं हे त्यात नाही, पण तळाला कोणीतरी घ्यायला उभं होतं हे त्या शेपटीत आहे.

आता तुझा हॅमर. तुला वाटतं तो नाहीसा झाला. बाळा, तो झालाच नव्हता. तू ११ वाजून ३ मिनिटांनी जी बघितलीस ती अर्धी कँडल होती. चार भावांपैकी शेवटचा भाव अजून ठरायचा होता. लिलाव चालू असताना मध्येच व्यापाऱ्याने हात वर केला म्हणून कोणी पावती फाडतं का? बोली सुटेपर्यंत थांबावंच लागतं. पाच मिनिटांची कँडल पाच मिनिटांनी पूर्ण होते, दिवसाची साडेतीनला. तोवर तिचा आकार, रंग, नाव सगळं बदलू शकतं. तुझ्या ३,००० रुपयांतला मोठा भाग त्या दोन मिनिटांच्या घाईचा आहे.

आणि समजा ती कँडल हॅमरसारखीच बंद झाली असती, तरी मी घेतलं नसतं. हॅमरला अर्थ येतो तो घसरणीनंतर. भाव बरेच दिवस पडतोय, विकणारे आणखी खाली ढकलतात, तिथून कोणीतरी जोर लावून वर आणतं, म्हणून ती शेपटी महत्त्वाची. तुझा शेअर तर ३७० वरून ४१५ ला चढलेला. चढून आलेल्या शेअरमध्ये अगदी तोच आकार दिसला तर त्याला हँगिंग मॅन म्हणतात आणि तो सावध करणारा मानतात. तुझ्या तक्त्यात दोन्ही असतील, बघ, चित्र एकच आहे. म्हणून मी आकार नंतर बघतो, आधी बघतो की कँडल पडली कुठे. बऱ्याच उतारानंतर? चढाच्या टोकाला? की सहा महिने भाव जिथून दर वेळी परत फिरतोय त्या पट्ट्यात?

चांगली कँडलही फसवते, त्याचा एक दिवस मला तारखेसकट पाठ आहे. शुक्रवार, १३ मार्च २०२०. करोनाची भीती. बाजार उघडल्यावर काही मिनिटांत निफ्टी १० टक्के पडला, लोअर सर्किट लागलं, ४५ मिनिटं व्यवहार बंद. ८,५५५ चा तळ पाहिला. मग जो वळला तो ९,९५५ ला बंद, आदल्या दिवसापेक्षाही वर. अशी कँडल मी त्याआधी पाहिली नव्हती. मोठी हिरवी बॉडी, खाली लांब शेपटी, मागे महिन्याभराची घसरण. सगळं पुस्तकात असतं तसं. मी त्या संध्याकाळी सोमवारसाठी खरेदीची यादी केली होती. सोमवारी बाजार उघडलाच खाली आणि ९,१९७ ला बंद झाला. मी यादी घडी घालून ठेवून दिली. पुढच्या सोमवारी, २३ तारखेला, निफ्टी ७,६१० वर होता. शुक्रवारची कँडल खोटी नव्हती, त्या दिवशी घेणारे खरंच आले होते. पण पुढच्या कँडलने तिला दुजोरा दिला नाही. तेव्हापासून मी एका कँडलवर पैसा लावत नाही. दुसरी बंद होऊ देतो. त्यात दोन-तीन टक्के वरून घ्यावं लागतं, ते मी देतो.

व्हॉल्यूमबद्दल थोडक्यात. खालच्या उभ्या पट्ट्या म्हणजे किती ट्रॉल्या विकल्या गेल्या. दहा ट्रॉल्यांवर निघालेल्या भावाला आम्ही भाव म्हणत नसू.

गॅप तर तुझ्या घरचाच विषय. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा आवारात लिलाव बंद पडले होते. परत सुरू झाले तेव्हा पहिली बोलीच कितीतरी खाली. मधल्या भावाला एकही ट्रॉली विकली गेली नाही, मधली जागा रिकामी. चार्टवर दोन कँडलमध्ये मोकळी जागा दिसली की असंच काहीतरी बाजार बंद असताना घडलेलं असतं. मात्र एक खात्री करून घे. २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्सचा भाव निम्मा झालेला दिसला असेल, तो एकास एक बोनस होता, म्हणजे एका शेअरमागे एक शेअर फुकट. कोणाचा एक पैसाही त्यात गेला नाही. चांगले चार्ट असे जुने भाव आपोआप जुळवून घेतात, पण सगळेच घेत नाहीत.

तक्ता काढून टाक. ३५ नावांची काहीच गरज नाही. चार भाव, जागा, पुढची कँडल, व्हॉल्यूम. त्याऐवजी एक आलेखाची वही घे, शाळेत असायची ती. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर जुने भाव फुकट मिळतात. निफ्टीचे रोजचे ओपन, हाय, लो, क्लोज घे आणि पेन्सिलीने एकेक कँडल हाताने काढ. उजवीकडचा भाग कागदाने झाकून ठेव आणि प्रत्येक कँडलनंतर लिही की उद्या काय होईल असं वाटतं. मग कागद एक घर सरकव. हे होईपर्यंत एकही सौदा करू नकोस. आणि घरी सांग. आकडा मोठा व्हायच्या आत सांग.

---

कोथरूड_चार्ट
७ फेब्रुवारी २०२५

नानांशी बहुतेक सहमत, पण पाच मिनिटांची कँडल अगदीच टाकाऊ नाही. मी दिवसाच्या चार्टवर जागा ठरवतो आणि घेण्याची वेळ पंधरा मिनिटांवर बघतो. उलट केलं की माणूस फसतो.

---

लासलगावचा_नाना
७ फेब्रुवारी २०२५

तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही दिवसभर पडद्यासमोर असता. या मुलाच्या हातात गिऱ्हाइकाची चिठ्ठी असते. औषध देताना त्याचं लक्ष भावाकडे असेल तर ते शेअरपेक्षा जास्त धोक्याचं आहे. म्हणून मी त्याला दिवसाची कँडल सांगतो. ती रात्री दुकान बंद झाल्यावर शांतपणे वाचता येते.

---

मृणाल_पुणे
८ फेब्रुवारी २०२५

मी कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे चार्टबद्दल नाही पण त्या १७,४०० बद्दल बोलते. इंट्राडेचा नफा-तोटा प्राप्तिकरात सट्टा व्यवसायाचा धरला जातो. हा तोटा तुझ्या पगारातून वजा होणार नाही. फक्त इंट्राडेच्याच नफ्यातून वजा होतो आणि पुढची चार वर्षं नेता येतो, तोही रिटर्न मुदतीत भरलं तरच. फॉर्म आयटीआर-३ लागेल, पगारदारांचा नेहमीचा साधा फॉर्म चालणार नाही. ब्रोकरकडून नफा-तोट्याचा अहवाल आत्ताच उतरवून ठेव.

आणि तू एकटा नाहीस रे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जुलै २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २०२२-२३ साली इंट्राडे करणाऱ्या दर १० जणांपैकी ७ जण तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के. सप्टेंबर २०२४ च्या अहवालात फ्युचर्स-ऑप्शन्सचं (पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे) चित्र आणखी वाईट, तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. गेलेले पैसे भरून काढायला कोणी तुला ऑप्शन्सकडे वळवत असेल तर कृपा करून जाऊ नकोस. आमच्याकडे दर जुलैमध्ये तुझ्या वयाची मुलं असे कागद घेऊन येतात आणि त्यातल्या कित्येकांच्या आईवडिलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

---

निफाडचा_औषधवाला
२ मार्च २०२५

नाना, मृणालताई, उशिरा लिहितोय. त्याच आठवड्यात बाबांना सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच आलेखाचे कागद आणून दिले. इंट्राडे बंद आहे. तक्ता काढला, तिथे आता एक्सपायरी जवळ आलेल्या औषधांची यादी लावली आहे.

निफ्टी २७ सप्टेंबरपासून काढायला घेतला, एका मिलिमीटरला २० अंक धरून. परवाच्या शुक्रवारपर्यंत आलो, दोन कागद जोडावे लागले. सगळ्यात जास्त वेळ मी पहिल्याच कँडलवर घालवला. २७ सप्टेंबरला निफ्टी २६,२७७ ला पोचला, तोच मार्च २०२५ पर्यंतचा उच्चांक. मला वाटलं होतं तिथे काहीतरी भयंकर दिसेल. पण ती एक छोटीशी लाल कँडल आहे, कुठल्याही नावात न बसणारी. कागद सरकवताना मी तिच्यासमोर ‘उद्या वर’ असं लिहिलं होतं. २८ फेब्रुवारीला बंद २२,१२४. पहिल्या आठवड्यात माझे अंदाज इतके चुकले की ३ ऑक्टोबरनंतर मी दोन कँडल थांबूनच लिहायला लागलो. त्या दिवशी निफ्टी ५४६ अंकांनी पडला होता.

एका ठिकाणी अडलोय. १ नोव्हेंबरला ओपन आणि क्लोज जवळजवळ एकच, बॉडी काढायला जागाच नाही, नुसती आडवी रेघ आली. शेपट्याही अगदी आखूड. अशा बिनबॉडीच्या कँडलला डोजी म्हणतात ना, मग महिनाभराच्या उतारानंतरची डोजी म्हणजे बाजार वळणार असं धरायचं का? पुढे तर तो आणखी पडला.

---

लासलगावचा_नाना
२ मार्च २०२५

बाबांना माझा नमस्कार सांग.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. मुहूर्ताचा बाजार, संध्याकाळी ६ ते ७. लोक पूजा आटोपून शकुनाचे दोन-चार शेअर घेतात, एवढाच तो सौदा. बाकीच्या तुझ्या सगळ्या कँडल सव्वा सहा तासांच्या आहेत आणि ही एका तासाची. आकार डोजीसारखा आला कारण भावाला हलायला वेळच नव्हता. त्या दिवसाचा व्हॉल्यूम शेजारच्या दिवसांशी ताडून बघ, तिथेच उत्तर मिळेल. अशीच दुसरी वेगळी तारीख तुझ्या कागदावर आहे, १ फेब्रुवारी. तो शनिवार होता, पण अर्थसंकल्पासाठी बाजार पूर्ण वेळ उघडा होता, त्यामुळे ती कँडल मोजायची.

दिवाळीच्या कँडलखाली पेन्सिलीने ‘एक तास’ असं लिहून ठेव. आणि तो जोडलेला कागद गुंडाळून ठेवू नकोस, घड्या पडल्या की रेघा पुसतात. गुरुवारी मी निफाडला येणार आहे, वेळ असेल तर दुकानात डोकावतो, मला तुझी ३ ऑक्टोबर बघायची आहे.